आठशेच्या आत

१४ ऑक्टोबर
मीटर १४१.

ही वही इनेकाने दिली. माझी लेक. "आई, यात गॅसच्या मीटरचा आकडा लिहीत जा," म्हणाली, आणि वहीसोबत एक पेन्सिलही दिली, जशी काही माझ्या घरात पेन्सिल नाही. आमच्या चर्चच्या गाण्याच्या बाई मात्र सगळ्यांच्या मागे लागल्यात की रोज एका गोष्टीचे आभार लिहा, मन ताजं राहतं. मी दोन्ही कामं एकाच वहीत उरकणार आहे. दोन वह्या कशाला?

तर झालं असं. गेल्या एप्रिलमध्ये गॅसवाल्यांचं वर्षाच्या हिशेबाचं पत्र आलं. दर महिन्याला भरलेलं पुरलं नव्हतं, वर आणखी अकराशे चाळीस युरो मागत होते. १३८४ घनमीटर जाळले होते मी. माझा नवरा बेरेंड होता तोवर घर एकवीस अंशांवर असायचं. तो गेला, तरी थर्मोस्टॅटला हात लावायचं काही माझ्या मनात आलं नाही. पत्र मी घड्याळाच्या मागे ठेवून दिलं. ते इनेकाला सापडलं आणि तिने पैसे भरून टाकले, मला न विचारता. तेव्हापासून ती माझ्याशी दवाखान्यातल्या नर्ससारखी बोलते.

अल्मेरेला तिच्या घराजवळ एक फ्लॅट आहे. चौथा मजला, हीटिंग भाड्यातच. तिथल्या यादीत तिने माझं नाव घातलंय. मी या मेप्पलच्या घरात सेहेचाळीस वर्षं राहतेय, मी कशाला चौथ्या मजल्यावर जाऊ? खूप भांडलो. शेवटी अट ठरली. मीटर एक एप्रिललाच नवा बसवलाय, शून्यापासून सुरू; एकतीस मार्चला तो आठशेच्या आत असेल तर यादीतून नाव काढायचं. आठशेच्या वर गेला तर मी कुरकुर न करता सामान बांधायचं.

"आणि आठशेदोन झाले तर?" मी विचारलं.

"आई, आठशे म्हणजे आठशे."

माझीच लेक. आम्ही हात मिळवला. आजचे आभार: तिने आठशेऐवजी सातशे नाही म्हटलं, याचे.

२२ ऑक्टोबर
मीटर १४९.

वरच्या मजल्यावरचे सगळे रेडिएटर बंद केले. खालच्यांच्या मागे चंदेरी कागद चिकटवला, गुडघे गेले कामातून. बेरेंडची जाडी तपकिरी पँट कापून दोन पाय वेगळे केले, आत जुने मोजे भरले आणि पुढच्या दाराखाली आडवे टाकले. फटीतलं वारं बंद. जिवंत असताना उभा जन्म त्याने दारं उघडी टाकली, आता बसलाय दार अडवून. त्याचे आभार.

३ नोव्हेंबर
मीटर १६६.

पुढच्या खोलीचे पडदे आता दिवसाही ओढून घेते. काचेतून किती थंडी येते ते हात लावला की कळतं. आमच्या गल्लीत कोणी पडदे ओढत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बघावं, आतल्याने बाहेर, लपवायचं काय असतं? पण मला आठशेच्या आत राहायचंय. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

खोलीत तेरा अंश. कोट, लोकरी टोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. बोटं आखडतात म्हणून अक्षर असं आलंय. हे काही फार दिवस जमेलसं वाटत नाही. हे मी इनेकाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

६ नोव्हेंबर
मीटर १६८.

आज काय तमाशा झाला! दुपारी मी कोटटोपीत बसून कोडं सोडवत होते, तर मागचं दार धाडकन उघडलं आणि शेजारचा चौदा नंबर आत. वीबे डायकेमा. अठ्ठावन्न वर्षांचा, एकटा, मूळचा फ्रिसियन, म्हणजे उत्तरेच्या समुद्रकाठचा, त्यामुळे डोकं दगडाचं. कालव्यावरचा पूल उघडायचं काम करायचा. आता पूल कॅमेऱ्यावरून उघडतात, म्हणून हा घरी. तीन वर्षांपूर्वी त्याने बेरेंडच्या नाशपातीची फांदी कापली. त्याच्या बाजूला झुकत होती म्हणे! न विचारता कापली. तेव्हापासून मी त्याच्याशी फक्त "सुप्रभात" एवढंच बोलते.

"आलिदाबाई!" केवढ्याने ओरडला. "बऱ्या आहात ना?"

"न असायला काय झालं? आणि तू आत कसा?"

"तीन दिवस पडदे बंद आहेत. समोरच्या सगळ्या खिडक्यांतून लोक बघतायत. पुढे जाऊन विचारायचं कोणी, यावरून भांडण झालं, शेवटी मला पाठवलं. मला वाटलं तुम्ही..."

"मेले असं वाटलं?"

"हो," म्हणाला. निदान खोटं तरी बोलत नाही.

मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. टोपीकडे, पिशवीकडे, थर्मोस्टॅटकडे. मी खेकसले, "गॅस वाचवतेय, चोरी नाही करत." आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर त्याने तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला, जशी काही ती विकत घ्यायची आहे.

मग म्हणाला की एकमेकांच्या चाव्या ठेवू, उगाच दार मोडायची वेळ नको. ते मात्र शहाणपणाचं बोलला. मी त्याला कॉफी दिली आणि एक बिस्किट, आणि डबा बंद केला. आभार: दार मोडलं नाही, त्याचे.

१४ नोव्हेंबर
मीटर १७६.

चमत्कार! हीटिंग फक्त सकाळी एक तास लावलं, आणि दुपारी खोलीत सोळा. संध्याकाळीही सोळा. थर्मामीटर बिघडला म्हणून मी तो स्वयंपाकघरात नेला, तर तिथे बारा. परत आणला, सोळा. चंदेरी कागदाला थोडे दिवस द्यावे लागतात, असं दिसतंय. त्या कागदाचे आभार, आणि बेरेंडच्या पँटचेही.

२० नोव्हेंबर

आज दुकानातून येताना चौदा नंबरच्या खिडकीतून सहज नजर गेली. (त्याचे पडदे उघडे असतात, मी काही डोकावले नाही.) पुढची खोली रिकामी! नुसत्या चार जुन्या सायकली, एक कामाचं टेबल, आणि आमच्या भिंतीला लागून लांबलचक रेडिएटर. काच आतून घामेजलेली. रिकाम्या खोलीत हीटिंग!

तो दारातच भेटला. मला राहवलं नाही.

"काय रे, रिकामी खोली कशाला तापवतोस?"

"रिकामी कुठे? सायकली आहेत की."

"सायकलींना थंडी वाजते?"

"दोघींना सांधेदुखी आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी ऊब सांगितलीय."

असल्या माणसाशी काय बोलायचं! इकडे मी एकेक घनमीटर मोजतेय आणि भिंतीपलीकडे हा उधळ्या सायकलींचे लाड करतोय.

६ डिसेंबर
मीटर २०७.

पुढच्या खोलीत साडेसोळा, कधी सतरा. मी आता टोपी काढून बसते. रविवारी इनेकाचा फोन आला. "आई, गरम आहे ना घरात?" "सतरा आहे," मी म्हटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. तिला वाटतं मी खोटं सांगते. इतका आनंद झाला मला की मी गॅस वाचवण्याचे अकरा नियम एका कागदावर लिहून काढले, ग्रंथालयात दहा प्रती काढल्या आणि गाण्याच्या बायकांना वाटल्या. एक प्रत चौदा नंबरच्या दारातल्या फटीतून आत टाकली. पहिलाच नियम मोठ्या अक्षरात: जिथे बसत नाही ती खोली तापवू नये.

दुसऱ्या दिवशी भेटल्यावर म्हणाला, "नियम वाचले. चांगले आहेत."

"मग पाळ की."

"एक सोडून सगळे पाळतो."

१ जानेवारी
मीटर २६१.

काल संध्याकाळी चौदा नंबर बशीभर ओलीबोलन घेऊन आला, त्याने स्वतः तळलेले, वर पिठीसाखर. बेदाणे जरा जास्त पडले होते, पण गोळे हलके होते, ते कबूल करायला हवं. जाडजूड स्वेटर घातलेला, नाक लाल, आवाज बसलेला. आणि कानटोपी! घरातल्या घरात!

"एवढा गॅस जाळतोस आणि तरी सर्दी?" मी म्हटलं.

"जुनी सवय. पुलावरची," तो म्हणाला. थोडा वेळ बसला, भिंतीला पाठ टेकून. "इथे बरं वाटतं," म्हणाला.

"वाटणारच. काळजीपूर्वक राहतं कोणी तर वाटतं बरं."

हसला. का हसला कोण जाणे. ओलीबोलनचे आभार.

९ जानेवारी
मीटर २७९.

कालवा गोठला. मुलंमोठी सगळी स्केट घेऊन बाहेर. बाहेर उणे सात आणि माझ्या खोलीत सतरा! मीटर बघितला की मला गाणं म्हणावंसं वाटतं. गाण्याच्या वर्गात पंधरा मिनिटं सगळ्यांना चंदेरी कागद कसा लावायचा ते दाखवलं. बाईंनी स्वतः वहीत लिहून घेतलं. देवाचे आभार, आणि थोडे माझेही.

१७ जानेवारी
मीटर २९६.

चौदा नंबर पडला. वाण्याकडून येताना पुलाच्या उतारावर सायकल घसरली, खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका गल्लीतून गेली तेव्हा मी खिडकीत होते. वाईट वाटलं, खरंच. त्याची बहीण स्नेक गावाहून आली, त्याचे कपडे भरले, हीटिंग पार खाली केलं, नळ गोठू नयेत एवढंच ठेवलं. "तुमच्याकडे चावी आहे ना? पत्रं तेवढी उचलाल का?" म्हणाली. उचलेन म्हटलं. किमान आता त्याचा गॅस तरी वाचेल, असं मनात आलं आणि लगेच लाज वाटली.

१९ जानेवारी

खोलीत चौदा. कागद कुठे सुटला का पाहिलं. नाही सुटला. दाराखालची पँट नीट आहे.

२० जानेवारी

बारा. हीटिंग दोन तास लावून बघितलं, चौदा झालं आणि बंद केल्यावर तासाभरात पुन्हा बारा. भिंती जणू ऊब पिऊन टाकतात. माझा बॉयलर गेला बहुतेक. नवीन बॉयलर म्हणजे मी संपलेच, सरळ अल्मेरे. पुन्हा कोटटोपी. आज आभार नाहीत.

२२ जानेवारी
मीटर ३११.

बॉयलरवाले ओरहान आले. पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या, बेरेंडच्या वेळेपासून हेच येतात. बॉयलर उघडला, बघितला, बंद केला.

"काही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"मग घर गार का? गेल्या आठवड्यापर्यंत सतरा होतं, तासभर हीटिंगवर!"

"तासभर?" ते म्हणाले. "या घरात? बाई, तासभरात या घरात सतरा होत नाहीत. कागदाने तर नाहीच."

मला राग आला. मी त्यांना अकरा नियमांचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचलाही, बिचाऱ्यांनी. मग खोलीभर फिरले आणि मधल्या भिंतीला हात लावला, अगदी चौदा नंबरने लावला होता तसा.

"पलीकडे कोण राहतं?"

"एक उधळ्या. दिवसभर रिकामी खोली तापवतो. सध्या हॉस्पिटलात आहे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

"आणि तुमचं घर गार कधी पडलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शुक्रवारी चौदा, शनिवारी बारा. मी वही काढून तारखा पुन्हा बघितल्या.

ओरहान हात पुसत म्हणाले, "मध्ये एवढीशी एकच वीट आहे, बाई. पलीकडचा रेडिएटर तुमचाच समजा." माझ्याकडून फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले.

ते गेल्यावर मी चावी घेऊन चौदा नंबरमध्ये गेले. पत्रं उचलायची होतीच, असं मी स्वतःला सांगितलं. मी घरभर फिरले आणि एकेक रेडिएटरची गोल चावी बघितली. गेले तीन महिने मी हेच तर शिकलेय. स्वयंपाकघर: बंद. न्हाणीघर: बंद. वर त्याची झोपायची खोली: बंद, आणि पलंगावर चार घोंगड्या. पुढची खोली, सायकलींची: पाचवर, शेवटपर्यंत. रेडिएटरसमोरून सगळं सामान हलवून मोकळं केलेलं.

स्वयंपाकघरात एकच खुर्ची, खुर्चीवर कानटोपी आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी. माझ्याकडे आहे तशीच. टेबलावर माझे अकरा नियम, घडी घालून साखरेच्या डब्याखाली.

पत्रांमध्ये गॅसवाल्यांचा लिफाफा होता. मी उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती, तसला लिफाफा मी पाच महिने घड्याळामागे ठेवला होता.

मी त्याच्या खुर्चीत बसून रडले. नंतर कानटोपी धुवायला घरी आणली.

२५ जानेवारी

भेटायला गेले. हॉस्पिटलातून आता त्याला व्यायामाच्या केंद्रात हलवलंय, इथेच मेप्पलमध्ये. वाटाण्याचं दाट सूप नेलं, सॉसेज घालून.

"सायकली कशा आहेत?" त्याने विचारलं.

"आखडल्या," मी म्हटलं. "त्या म्हणाल्या, मालक नसला की आमच्याकडे कोण बघतं? आणि आणखी बरंच म्हणाल्या. स्वयंपाकघरात कोण बसायचं, तेही म्हणाल्या."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही आत फिरलात?"

"फिरले. सगळ्या चाव्या बघितल्या. मूर्खा, अरे किती जाळलास?"

"सूप गार होतंय," तो म्हणाला.

"वीबे!"

मग त्याने चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी तुम्ही टोपी घालून बसला होतात. माझी आईही शेवटी तशीच बसायची, आणि मी पुलावर असायचो. मी त्या दिवशी म्हटलं असतं, आलिदाबाई, मी मदत करू का, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"हाकलून दिलं असतं."

"म्हणून नाही विचारलं." आणि पुन्हा सूप प्यायला लागला. "शिवाय भिंतीच्या माझ्या बाजूला मी काय करतो, तो माझा प्रश्न आहे."

मी त्याला पैशांचं विचारलं. त्याने तोंड फिरवलं. तीनदा विचारलं, तीनदा फिरवलं. फ्रिसियन डोकं. परत येताना वाटेत मला आठवलं, तीन महिने मी वहीत कागदाचे आभार मानले, पँटचे मानले, देवाचे मानले, स्वतःचेही मानले. धन्य माझी.

६ फेब्रुवारी
मीटर ४१०.

वीबे शनिवारी घरी येतोय. दोन महिने तरी जिना चढता येणार नाही, म्हणून त्याच्या बहिणीने आणि समोरच्यांनी मिळून सायकली मागच्या शेडमध्ये हलवल्या आणि पलंग खाली आणला. कुठे ठेवला? पुढच्या खोलीत, आमच्या भिंतीला लागून. बहीण म्हणाली, "हीटिंग पंधराच्या वर लावू नका म्हणतोय. महिन्याचा हप्ता दुप्पट केलाय गॅसवाल्यांनी."

मी घरी आले, सोफा भिंतीपासून ओढून काढला, दाराखालची पँट आणखी घट्ट सारली, माझ्या बाजूचा रेडिएटर पाचवर केला आणि थर्मोस्टॅट वीसवर नेला. बेरेंड गेल्यापासून पहिल्यांदाच वीस. घर कुरकुरलं, पाइप ठकठकले आणि मग ऊब आली.

हिशेब मला येतो. गेले दोन आठवडे पंधरावर होते, तशीच राहिले असते तर जेमतेम आठशेच्या आत बसलं असतं. वीसवर बसत नाही. पण भिंतीच्या माझ्या बाजूला मी काय करते, तो माझा प्रश्न आहे.

१८ फेब्रुवारी

रोज सकाळी आठला तो भिंतीवर तीनदा ठोकतो. म्हणजे उठलो. मी तीनदा ठोकते. म्हणजे मीही. काल दुपारी सूप घेऊन गेले तर म्हणाला, "आलिदाबाई, पंधरावर हीटिंग आहे आणि खोलीत अठरा अंश. थर्मामीटर बिघडला वाटतं."

"चंदेरी कागद लावलाय मी, त्याचं आहे ते," मी म्हटलं.

एवढा हसला की खुबा दुखला त्याचा.

१८ मार्च
मीटर ७५७.

तेरा दिवस आणि त्रेचाळीस घनमीटर. आज थर्मोस्टॅट खाली केला तर अजूनही आत बसेन. दुपारी इनेकाचा फोन येऊन गेला. फ्लॅटवाल्यांनी एक मेपासून जागा रिकामी होतेय म्हणून कळवलंय, बाल्कनी दक्षिणेला आहे म्हणे. तिच्या आवाजात एवढी आशा होती की मी नुसतं "बरं" म्हटलं.

मी थर्मोस्टॅटसमोर उभी राहिले. बोट चावीवर. सेहेचाळीस वर्षं. इनेका याच जिन्यावरून गडगडत खाली आली होती, ओठावरची खूण अजून आहे तिच्या. बेरेंड याच खोलीत गेला, खिडकीकडे तोंड करून. नाशपातीला कळ्या धरल्यात. नाही जायचं मला चौथ्या मजल्यावर, अजिबात नाही जायचं. मला भीती वाटते.

पलीकडे वीबे रेडिओ ऐकत होता. बर्फ, मासे आणि वाऱ्याची बातमी. मध्येच खोकला. तो पुन्हा चालायला शिकतोय, पलंगापासून खिडकीपर्यंत, रोज दोन पावलं जास्त. गार खोलीत कोणाचं हाड जुळतं?

बोट काढलं. जाऊन बटाटे सोलले.

२४ मार्च
मीटर ८०१.

सकाळी मीटरच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. आकडा फिरताना बघायचा होता. ७९९ चे ८०० झाले, काही आवाज नाही, काही नाही. मी आणखी थोडा वेळ बसले. मग भिंतीवर तीन ठोके आले आणि मी उठले.

३१ मार्च
मीटर ८४९.

इनेका दुपारी आली, फ्लॅटचं रंगीत माहितीपत्रक घेऊन. वीबे माझ्याकडे कॉफीला आला होता. काठी टेकत स्वतःच्या पायांनी आला, दारातून दारात, पहिल्यांदाच. इनेकाला तो नीट आठवत नव्हता. "फांदीवाले?" तिने माझ्या कानात विचारलं.

"फांदीवाला," मी मोठ्याने म्हटलं.

इनेकाने मीटरच्या कपाटात मोबाइलचा उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. "आठशे एकोणपन्नास," म्हणाली. "आई."

"हरले मी. आणि खोटं नको, खरा आकडा याहून मोठा आहे. डिसेंबरात तू विचारलंस ना, गरम आहे का घरात? ती माझी ऊब नव्हतीच. ती याची." आणि मग मी सगळं सांगितलं. टोपी, सायकली, नियमांचा कागद, ओरहान, चाव्या, कानटोपी. वीबे मधेमधे "बरं बरं, पुरे" म्हणत होता. मी पुरे केलं नाही. शेवटी म्हटलं, "तेव्हा सामान बांधायला घेते. शब्द म्हणजे शब्द."

इनेका भिंतीजवळ गेली, तळहात ठेवला. या भिंतीला गेल्या वर्षभरात जेवढे हात लागले तेवढे सेहेचाळीस वर्षांत लागले नसतील.

"आई," म्हणाली, तोंड भिंतीकडेच ठेवून, "तू गॅस किती जाळतेस याच्याशी मला काय करायचंय गं? पैसे मी भरले असते. मला रात्रीची झोप कशाने लागायची नाही, माहितीय? तू इथे कोटात बसून गोठशील आणि तीन दिवस कोणाला पत्ताही लागणार नाही."

"तीन दिवसांत लागला," वीबे म्हणाला. "पडदे बंद होते ना."

इनेका हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली, लहानपणी करायची तसंच. मी तिला जवळ घेतलं. कितीतरी दिवसांनी तिने मला घेऊ दिलं.

मग डोळे पुसून तिने फ्लॅटवाल्यांना फोन लावला. रविवारी कोण उचलणार? तिने निरोप ठेवला: आलिदा स्खाउलिंग, वय शहात्तर, यादीतून नाव काढा, जागा दुसऱ्या कोणाला द्या. स्वतःचा नंबरही दोनदा नीट सांगितला, नीटनेटकी आहे पोरगी.

"पण आठशे म्हणजे आठशे," मी म्हटलं.

"गप्प बस, आई."

पुढच्या हिवाळ्याचं त्या दोघांनी तिथेच ठरवलं. दोन घरं, पण एका वेळी एकच हीटिंग. सकाळी तो इकडे बसणार, दुपारनंतर मी तिकडे. भिंतीच्या दोन्ही बाजूंचा खर्च अर्धा अर्धा. वीबे अर्ध्याला "हो" म्हणायला तयार नव्हता. इनेकाने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा झाला तयार.

जाताना तो ते रंगीत माहितीपत्रक मागून घेऊन गेला. सायकली शेडमधून परत आत यायच्यात, साखळीचं तेल फरशीवर गळतं, खाली घालायला जाड कागद हवाच होता म्हणे.

फांदी कापली ते मात्र त्याचं चुकलंच. तसं मी त्याला सांगितलं. मान्य केलं त्याने.

१ एप्रिल
मीटर ८५१. इथून पुढे पुन्हा शून्यापासून मोजायचं.

आठला तीन ठोके आले. मी पडदे बाजूला केले, दोन्हीकडून, पूर्ण. समोरच्या खिडकीतून कोणीतरी हात हलवला. मी पण हलवला.

आभार: वीबे डायकेमाचे. नोव्हेंबरपासूनचे, रोजचे.